पंख्याच्या सुरातलं गाणं

मला गिटार कधीच धड वाजवता आली नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच पुढे कुणाचा गैरसमज नको. चार कॉर्ड यायच्या. पाचवी धरायला गेलो की करंगळी संपावर जायची. पण गंमत अशी, की मी ज्या संगीताच्या प्रेमात पडलो त्याला चारच कॉर्ड पुरायच्या, आणि त्यातली एखादी चुकली तर ते लोक ती तशीच ठेवायचे. असं संगीत जगात आहे हे कळलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो बारावीच्या निकालाला पण झाला नव्हता.

इंडी रॉक. धुळ्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना होस्टेलवरच्या एका सिनियरने मला एमपी थ्री गाण्यांची सीडी दिली. त्यात गाणाऱ्यांची नावं कुठेच नव्हती, नुसते आकडे. मी ती वर्षभर ऐकली. सत्तावीस नंबरचं गाणं, एकशे चार नंबरचं गाणं, असंच आम्ही बोलायचो. पुढे नावं कळली, पण खरं सांगू, आजही मला आकडेच आठवतात.

माझं मी त्या गाण्यांचं वर्गीकरण केलं होतं. पहिला प्रकार खळखळ. गिटारीच्या तारा स्वच्छ वाजताहेत, ड्रम उड्या मारतोय, आणि शब्द नीट ऐकावेत तर गाणारा रडकुंडीला आलेला. दुसरा घोंघाट. सगळ्या गिटारी फाटक्या आवाजात एकमेकींच्या उरावर बसलेल्या आणि त्यांच्यामागे कुणीतरी हळू गातंय. शब्द कळायचे नाहीत, आणि कळावेत अशी त्याचीही काही इच्छा दिसायची नाही. तिसरा पुटपुट. एकटाच माणूस, बहुतेक स्वतःच्या खोलीत, खुर्चीची करकर आणि बाहेरचं कुत्रंसुद्धा गाण्यात आलेलं. पण तिन्ही प्रकारांची जात एक. मोठ्या कंपनीच्या दारात जायचं नाही. हाताशी जे असेल त्यावर आपल्याला पाहिजे तसं करायचं. लोकांना आवडलं तर आवडलं, नाहीतर राहिलं.

मला ते नुसतं संगीत वाटेना, जगायची रीतच वाटायला लागली. मेसमध्ये वरणात पोळी बुडवता बुडवता मी भाषणं ठोकायचो. "गर्दीला पाहिजे ते वाजवणारा कलाकारच नाही!" किती वेळा म्हणालो असेन हे. बोलायला काय, जीभ काही झिजत नाही.

ही भाषणं मुकाट्याने ऐकणारा एकच प्राणी होता, माझा रूम पार्टनर. तो साक्रीकडचा, म्हणून त्याला सगळे साक्रीवालाच म्हणायचे. अहिराणी सोडून दुसरं काही बोलला तर याला ताप आलाय असं समजायचं. बादली, टेबल, ताट, जे हाताला लागेल ते तो वाजवायचा, आणि असं वाजवायचा की पाय जागेवर राहायचे नाहीत. एक दिवस माझं भाषण मधेच तोडून तो म्हणाला, "भो, इतलं बोलस, मंग वाजाडस काबर नही?"

जळगावला जाऊन एक जुनी गिटार घेतली. होस्टेलवर तिसऱ्याच दिवशी रेक्टरांनी ती जप्त करण्याची धमकी दिली, तेव्हा प्रश्न आला जागेचा.

जागा मिळाली ती थेट फैजपूरला, माझ्या आत्याकडे. आत्याचे यजमान, त्यांना सगळं घर आबा म्हणतं, केळीच्या धंद्यात होते. कच्ची केळी आणून पिकवायची आणि पुढे पाठवायची. त्यासाठी घरामागे त्यांनी दोन चेंबर बांधली होती. चेंबर म्हणजे जाड भिंतींची, पंखे लावलेली थंड खोली, केळी एकसारखी पिकावी म्हणून. एक कायम चालू असायचं. दुसरं माल कमी असला की रिकामं पडायचं. त्या रिकाम्या चेंबरात बोंब मारली तरी ओट्यावर बसलेल्या माणसाला पत्ता लागायचा नाही. आम्हाला आणखी काय पाहिजे होतं! शनिवारची पहिली एस.टी. धरायची, जळगावला उतरून घरी पाच मिनिटं तोंड दाखवायचं आणि फैजपूरची गाडी पकडायची. आई म्हणायची, आत्यावर एवढं प्रेम कधीपासून?

साक्रीवाल्याने केळीच्या प्लॅस्टिकच्या क्रेटांचा ड्रम केला. रिकामा क्रेट उपडा, त्याच्या शेजारी अर्धा भरलेला, आणि एका क्रेटात पाना-पक्कड टाकून झांज. मी कोपऱ्यात गिटार घेऊन इंग्रजीतून दुःखी व्हायचो.

अक्काला आम्ही बोलावलंच नव्हतं. अक्का म्हणजे माझी आतेबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तेव्हा भुसावळला एम.एस्सी. करत होती. ती चहा घेऊन आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि मला म्हणाली, "काय रे, पोट दुखतंय का?" साक्रीवाला इतका हसला की क्रेटवरून पडला. मग ती खाली बसली आणि सहज म्हणून तिने नुसता आ लावला. सिनेमातल्यासारखा गोड आवाज नव्हता तिचा. जाडसर होता, सरळ होता, कसली नक्षी नाही, थरथर नाही. माझ्या सीडीवरच्या दीडशे गाण्यांत मी जे शोधत होतो ते माझ्याच आत्याच्या घरात चहाचे कप गोळा करत होतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

गिटार सुरात लावायला एक छोटं यंत्र मिळतं, ते आमच्याकडे नव्हतं. माझ्या कानाचं तर नावच नको. पण शेजारच्या चालू चेंबरचा पंखा होता. त्याची घूं भिंतीतून अखंड यायची. अक्का म्हणाली, "तो बघ, फुकट सूर देतोय. त्याच्याशी मिळव की." मिळवली. जाड तार त्या घूंशी, बाकीच्या तारा तिच्यावरून. पुढे दोन वर्षं आमचा अख्खा बँड त्या पंख्याच्या सुरात होता. तो सूर जगातल्या कुठल्याच पेटीत नव्हता, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी पडत होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही तरी कुणाला विचारायला गेलो होतो!

त्यात लोडशेडिंग. वीज गेली की आबांचा जनरेटर चालू व्हायचा, आणि जनरेटरवर पंखा जरा वर चढायचा. मग अक्का एक श्वास थांबायची, नवा सूर धरायची आणि पुढे जायची. माझी गिटार बिचारी खालीच. त्या दोघींची जी काही ओढाताण ऐकू यायची, ती मला सत्तावीस नंबरच्या गाण्यापेक्षा भारी वाटायची. आमच्या प्रत्येक गाण्याचे दोन प्रकार होते, एक विजेवरचा आणि एक जनरेटरवरचा.

आबा मधूनच दारात उभे राहायचे. "काय रे पोट्टेहो, पिकलं का गाणं?"

"नाही आबा, अजून कच्चं आहे."

"मंग घाई नका करू. घाईनं पिकवलं का आतून कच्चंच राह्यते." एवढं बोलून ते जायचे. दोन वर्षांत आबांनी आमच्या संगीतावर केलेली टीका एवढीच.

बँडच्या दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात अक्काने गाणं लिहिलं. केळीचा चीक कपड्याला लागला की त्याचा काळा डाग पडतो, आणि तो काही केल्या निघत नाही, हे फैजपूरला शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आबांचा धंद्यात जम बसायच्या आधी आत्या स्वतः बागेत जायची, खांद्यावरून घड वाहायची. तिच्या एकुलत्या एका बऱ्या लुगड्यावर तसा डाग होता. लग्नकार्यात बसताना ती पदर अशा बेताने दुमडायची की डाग आतल्या घडीत जावा. अक्काने लहानपणी ते कितीदा तरी पाहिलेलं. गाणं त्यावर होतं, आमच्या घरच्या बोलीत:

मायच्या पदराले केयीचा डाग, धुतला तरी जात नाई,
माय तो डाग आत दुमडते, लोकाले दिसत नाई.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गिटार खाली ठेवली. आणि तरी मी शहाणा काय म्हणालो? "हे इंग्रजीत नाही का करता येणार?" साक्रीवाला म्हणाला, "तू चूप बैस भो." मी चूप बसलो. तेव्हाच्या माझ्या वागण्यातली तेवढीच एक गोष्ट बरी.

आत्याला ते गाणं अक्काने ऐकू दिलं नव्हतं. तिचा हट्टच होता. आई हे पहिल्यांदा ऐकेल ती स्टेजवरून, सगळ्यांच्या देखत. आणि स्टेज आमच्याकडे चालून आलं होतं. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला बाहेरच्या एका कलाकाराला परवानगी होती. सरांच्या हातापाया पडून मी अक्काचं नाव घातलं. आत्या चांगली साडी नेसून, डबा घेऊन धुळ्याला आली. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या कॉलेजच्या हॉलमध्ये पाऊल टाकत होती. तिसऱ्या रांगेत कडेला बसली, पिशवी मांडीवर धरून. तिला वाटत होतं, लेक एखादं भजन म्हणेल.

दुपारचे चार वाजले होते. आम्ही स्टेजवर गेलो आणि तिथे पहिला गोंधळ झाला. कॉलेजचा कीबोर्ड वाजवणारा मुलगा चांगल्या मनाने म्हणाला, मी पण साथ करतो. त्याने एक पट्टी दाबली, मी तार छेडली, आणि दोन मांजरं भांडावीत तसा आवाज निघाला. "तुमची गिटार बेसूर आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुझा कीबोर्ड बिघडलाय." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण माइकवर हे सगळं हॉलला ऐकू जात होतं. लोक हसले. मी घाईघाईने तारा पिळून त्याच्या पट्टीला नेल्या. अक्का हळूच म्हणाली, "अरे, हे वर गेलं. आपलं हे नाहीये." मी म्हटलं, "चालव गं."

तिने सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं, की मागे पंखा नाही. दोन वर्षं आम्ही ज्या घूंवर गाणं टेकवलं होतं ती इथे नव्हतीच. आमच्या गाण्यात मोकळ्या जागा होत्या, चेंबरात त्या पंख्याने भरलेल्या असायच्या. हॉलमध्ये त्या नुसत्याच उघड्या पडल्या. अक्काचा आवाज नवख्या पट्टीत जरासा ताणला गेला. तरी तिने पहिली ओळ म्हटली. 'केयीचा' म्हणाल्याबरोबर मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "ओ केळेवाली, डझन कशी दिली?" सगळा हॉल फुटला.

अक्का थांबली नाही. हे मला नीट सांगितलं पाहिजे. ती थांबली नाही. तिने तिसऱ्या रांगेकडे बघत दुसरी ओळ सुरू केली. थांबलो मी. माझे कान तापले होते. त्या बाकांवर माझ्या वर्गातली पोरं होती, उद्या मला त्यांच्यात बसायचं होतं. अक्काची ओळ निम्म्यावर असताना मी गिटारीवर त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं सिनेमाचं गाणं सुरू केलं. चारच कॉर्डचं होतं. कीबोर्डवाला खूश होऊन सामील झाला. साक्रीवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नाइलाजाने ठेका धरला. हॉल उठून नाचायला लागला. अक्काने माइक स्टँडला अडकवला आणि विंगेत निघून गेली. आम्हाला वन्समोअर मिळाला.

खाली आलो तर आत्या सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, कार्यक्रम असाच बसवलेला आहे. मला म्हणाली, "छान झालं रे. ती मागची पोरं हसत होती ना, हसू दे. हसतील त्यांचे दात दिसतील." मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मेसमध्ये भाषणं देणारा तो मीच. गर्दीपुढे एक मिनिट टिकलो नाही.

अक्का भांडली नाही. भांडली असती तर किती बरं झालं असतं! पुढच्या शनिवारी आम्ही फैजपूरला गेलो, तेव्हा चहा आत्याने आणला. अक्का अभ्यास करतेय, म्हणाली. त्याच्या पुढच्या शनिवारीही अभ्यास. मग आमचं शेवटचं वर्ष आलं, आबांनी त्या चेंबरातही माल भरला, बँड आपोआप मिटला. अक्काने बी.एड. केलं, एरंडोलच्या शाळेत नोकरीला लागली, लग्न झालं. साक्रीवाला गावी परतला. मी जळगावला एमआयडीसीत चिकटलो. अक्काची आणि माझी भेट लग्नात, बारशात व्हायची, ती नीट बोलायची, चेष्टाही करायची. पण गाण्याचा विषय निघाला की ती भाजीत मीठ बघायला उठायची. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "छे, आता कुठला गळा!" मी समोर असलो की माझा जीव कसनुसा व्हायचा. माझ्यामुळे ही गायची थांबली, एवढंच डोक्यात यायचं.

आबा आधीच गेले होते, चार वर्षांपूर्वी आत्याही गेली. फैजपूरला सगळे जमले होते, आणि मी एका कोपऱ्यात बसून एकच विचार करत होतो. तिच्यावरचं गाणं तिने ऐकलंच नाही. निम्म्या ओळीवर मी ते मारलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

यंदा संक्रांतीनंतर साक्रीवाल्याने फोनवर एक फाइल पाठवली. जुन्या सीडीच्या गठ्ठ्यात त्याला आमचं रेकॉर्डिंग सापडलं होतं, चेंबरात कॉम्प्युटरचा माइक क्रेटला बांधून केलेलं. खाली लिहिलं होतं, "भो, आयक. बठ्ठं शे यामा." मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ऐकलं. खरंच सगळं होतं त्यात. घूं होती. क्रेटातल्या पक्कडीची खणखण होती. माझी चुकलेली तिसरी कॉर्ड होती. आणि त्या सगळ्यातून अक्काचा आवाज. दुसऱ्या ओळीनंतर आबांचा खोकलाही. मी जिन्यातच बसलो आणि रडलो. कॅन्टीनवाला विचारून गेला, साहेब, घरी सगळं ठीक ना?

साक्रीवाला म्हणाला, नेटवर टाकी दे, आता असल्याच गाण्यांना लोक शोधतात. मी म्हटलं, अक्काला विचारल्याशिवाय नाही. खरं तर मला एरंडोलला जायला निमित्त पाहिजे होतं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदा बोलून टाकायचं होतं.

रविवारी दुपारी गेलो. अक्का पेपर तपासत बसली होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिने तो कानाशी धरला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने हसत म्हणाली, "जनरेटरवरचं आहे हे." शेवटपर्यंत ऐकलं. आबांच्या खोकल्याला तिने डोळे पुसले. फोन परत देताना म्हणाली, "किती वाईट वाजवायचास रे तू!"

"अक्का," मी म्हटलं, "त्या दिवशी गॅदरिंगला मी..."

"माहीत आहे."

"नाही, मला बोलू दे. आत्याने ते गाणं ऐकलंच नाही. माझ्यामुळे. ती गेली तेव्हापासून मला..."

अक्काने पेपर बाजूला ठेवले. "आईने ऐकलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी. फैजपूरला आल्यावर मी तिला चेंबरात नेलं, क्रेटवर बसवलं आणि अख्खं म्हटलं. पंखा चालू होता. तिला म्हटलं, काल हेच म्हणायचं होतं. ती म्हणाली, आता परत म्हण. पुढे कंटाळा येईपर्यंत म्हणायला लावलं तिने मला. दवाखान्यात होती तेव्हा पण."

मला हसू आलं, रडू आलं, काय काय झालं मलाच कळेना. इतक्या वर्षांचं ओझं, आणि ते कधी नव्हतंच! "मग मला का नाही सांगितलं गं कुणी?"

"तू विचारलंस कुठे?"

"मला वाटलं, तू गाणंच सोडलंस."

"गाणं?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "अरे, मी रोज गाते. शाळेत पोरींना बसवते, गल्लीतल्या बायकांबरोबर गाते. इथे सगळ्यांना माहीत आहे. मी तुझ्यासमोर गाणं सोडलं."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, राग नाही, टोमणा नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं. मग तिनेच विषय बदलला. "नेटवर बिटवर नको टाकू. ज्या माणसाचं होतं त्या माणसाने ऐकलं. तुझ्या फोनमध्ये ठेव, तुला आवडतं तर."

चहा झाला. निघताना दारात माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, एकदा म्हण ना. एकच ओळ. आता कोण आहे इथे, आपण दोघंच."

ती हसली आणि मान हलवली.

"मी नाही गं मधे थांबवणार आता."

"ते मला कळतं रे," ती म्हणाली. "गळ्याला कुठे कळतं?"